उन्हातले गोळे, सावलीतले गोळे

अक्कांचा आवाज देवपुरातून निघायचा, पांझरा नदी ओलांडायचा आणि पलीकडे धुळे गावात उतरायचा. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बिचारे. मी स्वतः पुलाच्या पलीकडच्या टोकाला उसाचा रस पीत उभा असताना, "वरल्या खोलीतला पंखा कोन बंद करी, तुन्हा बाप?" हे शब्द ऐकलेले आहेत. रसवाल्यानंही ऐकले. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला बोलावतायत. मी अर्धा ग्लास तिथंच ठेवला, पूल ओलांडून परत आलो आणि पंखा बंद केला.

अक्का माझ्या घरमालकीण. मी पाचोऱ्याचा. ठिबकच्या नळ्या विकायची नोकरी होती, मोटारसायकलवर सगळा धुळे जिल्हा पालथा घालायचो. खोली बघायला गेलो तेव्हा माझ्याआधी एक गृहस्थ येऊन बसले होते. कुठल्याशा कार्यालयातले, कडक इस्त्रीचे, विचारल्याशिवाय न बोलणारे. अक्कांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, जो बोलत नाही तो खोलीत काय करतो ते कळत नाही. हे ऐकून मी लगेच सुरू झालो. पाचोऱ्याच्या स्टेशनापासून जो निघालो तो धरणगावच्या मामांच्या कपाशीपर्यंत पोचलो, तेवढ्यात त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं टाकली. "पुरे. आते तू ऱ्हाय."

घर साधं, स्लॅबचं. खाली अक्का आणि नाना, वर मी. पुढं ओटा, ओट्याला सिमेंटचे दोन खांब, मग फाटक. नानांचं आयुष्य कापसाच्या जिनात गेलं होतं आणि यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान अर्धे राहिले होते. नानांना ऐकू येत नाही म्हणून अक्कांचा आवाज वाढला, की अक्कांच्या आवाजानं नानांचे कान गेले आणि जिनावर उगाच आळ आला, याबद्दल गल्लीत दोन पक्ष होते. नाना कुठल्याच पक्षात नव्हते. त्यांना काहीही विचारा, त्यांचं उत्तर एकच, "तिले इचार." भाजी कुठली, लग्नाला जायचं का, गच्चीला रंग कोणता, तिला विचार. एकदा तापात होते तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? नाना म्हणाले, तिला विचार. डॉक्टर खरंच उठून स्वयंपाकघरात गेले, आणि अक्कांनी त्यांना अचूक जागा सांगितली.

शेजारी भाभी राहायच्या. मारवाडी घर, मूळ राजस्थानातलं, पण भाभींच्या सासऱ्यांच्या आधीपासून धुळ्यात मुरलेलं. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. भाभींच्या कूलरचं पाणी अक्कांच्या अंगणात ठिबकायचं. उन्हाळ्यात कूलर खिडकीला लागला की भांडण लागायचं, आणि पावसाळ्यात कूलर उतरवला की भांडणही उतरवून, पुसून, माळ्यावर ठेवलं जायचं. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही एकदम बाहेर. भाभींचा मुलगा कूलरला नवी नळी लावून देतो म्हणाला होता. दोघींनी मिळून त्याला असा झापला की तो परत त्या विषयात पडला नाही.

धुळ्यात नळाला पाणी कधी येईल हे सांगता येत नाही. पण आमच्या गल्लीत कुणी नळाकडे लक्ष ठेवत नसे, कारण पाणी आलं की अक्का ओट्यावर येऊन "पानी उनं!" अशी आरोळी ठोकायच्या. ती ऐकून लोक हंडे लावायचे. शेजारच्या गल्लीतलेही लावायचे आणि त्यांच्याकडे पाणी आलेलं नसायचं.

मग एका सकाळी पाणी आलं आणि गेलं, आणि गल्लीला कळलंच नाही.

मी खाली उतरलो तर अक्का नळाजवळच पडलेल्या. अर्धांगाचा झटका. दवाखाना झाला, सलाईन झालं, काही आठवड्यांनी घरी आल्या त्या उजवा हात आणि उजवा पाय हरवून. पाय काठीवर थोडा परत आला. हात आला नाही. आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावलं की यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, हवं-नको नेमकं ठाऊक आहे. फक्त तोंडाशी शब्द येत नाहीत. एखादा शब्द अडकून राहतो, तोच निघत राहतो. अक्कांकडे एकच शब्द राहिला होता. "हो."

दैवाची चेष्टा म्हणतात ती ही. त्या बाईनं आयुष्यात कुणाला हो म्हटलेलं नव्हतं. लग्न ठरताना वडिलांनी मुलगा पसंत आहे का विचारलं, तेव्हाही त्या "बघू" म्हणाल्या होत्या, असं भाभी सांगायच्या. आता भाजीवाला, रिक्षावाला, गॅसवाला, सगळ्यांना हो. भाजीवाल्यानं पहिल्याच दिवशी सुकलेली गिलकी पुढं केली आणि विचारलं, देऊ का अक्का? अक्का म्हणाल्या, "हो." पण ते अशा काही आवाजात म्हणाल्या की त्यानं गिलकी मागं घेतली, गाडी वळवली आणि जाऊन ताजी घेऊन आला.

म्हणजे हो एकच होता, पण आवाज पूर्वीचेच होते. थोड्या दिवसांत गल्ली शिकली. सपाट हो म्हणजे हो. खालून वर जाणारा हो म्हणजे तुला कुणी विचारलं. दातांमधून आलेला हो म्हणजे फाटकाबाहेर व्हा. भाभी यात सगळ्यांत तयार. त्या रोज दुपारी येऊन ओट्यावर बसायच्या आणि कूलरचं भांडण स्वतःच काढायच्या. अक्कांची बाजूही त्याच मांडायच्या. "आता तुम्ही म्हणाल, तुमचा कूलर तुमच्या माहेरी नेऊन लावा." अक्का म्हणायच्या, हो. "मग मी म्हणेन, माहेर माझं काढू नका." हो. असं तास-दीड तास चालायचं आणि भाभी दमून घरी जायच्या, कारण दोघींचं काम एकटीला पडत होतं.

व्यायाम करून घ्यायला स्कूटरवरून एक फिजिओवाली मुलगी यायची. हुशार पोरगी, पण ती अक्कांना आजी म्हणायची. आमच्या गल्लीत पाळण्यातली पोरंही अक्काच म्हणत. तिनं रबराचा चेंडू दिला, दाबायला. अक्कांनी तो डाव्या हातानं असा भिरकावला की भिंतीवरून भाभींच्या कूलरच्या टाकीत जाऊन पडला. माझं म्हणणं, नेम धरूनच. मग मुलगी म्हणाली, माती देऊन बघू या. हवेवर वाळणारी माती मिळते, पाकिटात. भट्टी नको, रंग नको, डाव्या हातानं मळायची, उजवा त्यात बुडवायचा, बोटांना चालना मिळते.

आणायचं काम माझ्याकडे आलं. स्टेशनरीच्या दुकानदारानं पाकीट काढून दिलं. पांढरीशुभ्र, मळलेल्या मैद्यासारखी. मी विचारलं, नुसत्या हवेनं वाळते? तो म्हणाला, भाऊ, धुळ्याच्या हवेनं माणूस वाळतो, माती काय चीज आहे.

पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, छान आजी, आता ह्याचा गणपती करू या. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुठीत गोळा घेऊन असा दाबला की बोटांच्या फटीतून माती चारी बाजूंनी बाहेर आली. मूठ उघडली. आत एक वस्तू होती. चार खोल खाचा, वर अंगठ्याचा खड्डा, आणि सगळीकडून काहीतरी फुटून बाहेर येतंय असं. अक्कांनी ती मुलीच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हो." मुलीला काय ते समजलं. दुसऱ्या दिवसापासून तीही अक्का म्हणायला लागली.

तिथून ते सुरू झालं. अक्कांनी कधी नाकडोळ्यांचं माणूस केलं नाही, देव केला नाही, पोळपाट-लाटणं केलं नाही. एक गोळा घ्यायचा, एकदाच दाबायचा, बघायचा, पटला नाही तर परत मळायचा. पटला तर नखानं दोन-चार रेघा, एखादं बोट आरपार. बस. पण ते कोण आहे हे कळायचं. कसं कळायचं ते मला विचारू नका. दूधवाल्याचा गोळा असा लांब ओघळलेला होता की त्यानं स्वतःच ओळखला आणि त्या आठवड्यापासून दुधावर साय धरायला लागली. माझा गोळा म्हणजे नुसतं एक तोंड होतं. डोकं नाही, मान नाही, आ वासलेलं तोंड आणि मागं थोडी माती, ते उभं राहावं म्हणून. मला तो पटला नाही. गल्लीला पटला. निवडणुकीला उभा राहिलेला एक जण पाया पडायला आला, त्याला अक्कांनी तिथल्या तिथं गोळा दाबून दिला. नुसती पसरलेली बोटं, तळहातावर काहीच नाही. त्यानं आशीर्वाद म्हणून गाडीच्या काचेपुढं बसवला आणि प्रचारभर गावातून मिरवला.

आता खरी गंमत. आमच्या उन्हात ही माती वाळायला वेळ लागत नाही, पण घाईत वाळली की तडकते. पाकिटावर लिहिलेलं होतं, सावलीत वाळवा, ओलं फडकं टाका. सुरुवातीचे गोळे तडकले तेव्हा अक्का चिडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की तडा ही कामाची गोष्ट आहे. ज्याच्यावर मर्जी त्याचा गोळा ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली सावकाश वाळायचा, गुळगुळीत. ज्याच्यावर राग त्याचा गच्चीच्या पायरीवर, भर उन्हात. संध्याकाळपर्यंत त्याला अशा भेगा पडायच्या की बघवत नसे.

झालं. गल्लीतला जो तो जाता-येता आपला गोळा कुठं आहे ते बघायला लागला. माणसं चपला झाडायच्या निमित्तानं थांबायची, मान लांब करायची. पोस्टमन पत्र नसतानाही येऊन गेला. माझं तोंड महिनाभर सावलीत होतं. एकदा मी पंखा चालू ठेवून शिरपूरला गेलो. परत आलो तर तोंड पायरीवर, ओठापासून ओठापर्यंत तडकलेलं. भाभींचा गोळा अक्का सकाळी सावलीत ठेवायच्या, दुपारी कूलर सुरू झाला की उन्हात, भाभी चहा घेऊन आल्या की परत सावलीत. त्यामुळे तो एकसारखा असा कधी वाळलाच नाही. एका अंगानं गुळगुळीत आणि एका अंगानं भेगाळ. भाभींनी तो मागून घेतला आणि घरच्या शोकेसमध्ये चांदीच्या ताटाशेजारी लावला. पाहुणे आले की सांगायच्या, ही मी.

एक गोळा मात्र उन्हातही नव्हता आणि सावलीतही नव्हता. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल्या कापडात गुंडाळून, अक्कांच्या उशाशी असायचा. तो मुलाचा.

मुलगा पुण्याला. चांगला मुलगा, यात काही खोट नाही. दर रविवारी व्हिडिओवर बोलायचा, औषधं पाठवायचा, सणाला यायचा. त्याचा फोन झाला की अक्का पिशवी सोडायच्या, गोळा काढायच्या, थोडा दाबायच्या, थोडा सरळ करायच्या आणि परत ओल्या कापडात. तो त्यांनी कधी वाळू दिला नाही.

मुलाच्या मनात आलं ते कुणाच्याही मनात येईल तेच. आई अशी, वडिलांना ऐकू येत नाही, मी इतका लांब. पुण्याला त्याचा मोठा फ्लॅट, लिफ्ट, हाकेवर दवाखाना. देवपूरचं घर विकायचं, दोघांना घेऊन जायचं. त्यानं आधी वडिलांना विचारलं. नाना म्हणाले, तिला विचार. मग त्यानं आईला विचारलं. फोन माझ्याच हातात होता, कारण नानांना तो धरता यायचा नाही. मुलगा म्हणाला, आई, पुण्याला येशील ना आमच्याकडे?

"हो."

घर देऊन टाकू या ना मग?

"हो."

दातांमधून आलेला हो होता तो. गिलकीवाल्याला कळला असता, पोस्टमनला कळला असता. पण फोनमधून तो पुण्याला जाईपर्यंत नुसताच हो होऊन गेला. मुलाचे डोळे भरून आले. म्हणाला, मला वाटलं होतं आई ऐकणार नाही.

भाभी आणि मी, तू सांग, तुम्ही सांगा, असं दोन दिवस केलं. शेवटी मी सांगितलं. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिला मी स्वतः विचारलं, ती स्वतः हो म्हणाली. तुम्ही त्याचा अर्थ नाही असा सांगताय. आणि घर विकलं की तुमची खोली जाते. वाईट वाटून घेऊ नका, पण मी कुणावर विश्वास ठेवू? मी फोन ठेवला. खोली माझी जातच होती. मग भाभींनी फोन केला. त्यांना तो म्हणाला, मावशी, तुमचं आणि आईचं आयुष्यभर भांडण. तुम्ही तिच्या वतीनं बोलणार? भाभींनीही ठेवला.

गिऱ्हाईक मिळालं जळगावचं. कापडाचा व्यापारी, नवी शाखा धुळ्यात काढणार होता. त्याला सौदा आखाजीलाच करायचा होता. अक्षय तृतीयेचा मुहूर्त, त्या दिवशी घेतलेलं टिकतं. आखाजी म्हणजे आमच्याकडे सगळ्यांत मोठा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, बाप्ये उघड उघड पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. घरोघर पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंब्याचा रस आणि पुरणपोळी. ऊन असं की पत्ते पिसताना राजाला घाम सुटतो.

आदल्या दिवशी मुलगा आणि सून गाडी घेऊन आले. त्याच्या आधी अक्कांनी मला मातीचं रिकामं पाकीट दाखवलं आणि डाव्या हाताचा पंजा पुन्हा पुन्हा उघडला-मिटला. आण. आणखी आण. मी दुकानातली सगळी माती उचलून आणली. दुकानदारानं विचारलं, भाऊ, पुतळा बसवताय का चौकात? मला वाटलं, जाण्याआधी गल्लीतल्या राहिलेल्या माणसांचे गोळे करून ठेवणार असतील.

आखाजीची सकाळ. मुलगा आत घागर भरत होता, सून पुरण वाटत होती. अक्का रोजच्यासारख्या ओट्यावर, खांबाला लागून खुर्चीत. नाना शेजारी खाली बसून माती मळत होते. ते रोजच मळून द्यायचे, त्यात नवल काही नव्हतं. मी समोरच्या कट्ट्यावर पत्त्यांत बसलो होतो आणि बऱ्यापैकी हरत होतो. मधेच पाहिलं तर अक्कांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं उचलून खांबाला टेकवला होता आणि त्याच्यावर माती थापत होत्या. एक गोळा, दुसरा गोळा. नाना मळून देतायत, त्या थापतायत. बोटं गेली, पंजा गेला, मनगट गेलं. माती खांबाला चिकटलेली, हात मातीत. वर त्यांनी अंगठ्यानं सगळीकडून दाबून घेतलं, सुतार खिळा ठोकून झाल्यावर जसा हात फिरवून बघतो, तसा हात फिरवला आणि बसून राहिल्या.

ऊन चढलं. वारा सुटला, तो आपला नेहमीचा, भट्टीतून आल्यासारखा. तो डाव मी हरलो, पुढचाही हरलो, तोवर मातीचा रंग बदलला होता. मी वाढवून सांगत नाही, टिचकी मारली असती तर खापरासारखी वाजली असती.

सून आधी बाहेर आली. ती पश्चिम महाराष्ट्रातली, खान्देशात तिची दुसरी की तिसरी आखाजी. तिला वाटलं ही इकडची काहीतरी रीत असेल. ती आत गेली, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, मातीला हळद लावली, कुंकू लावलं, सासूच्या पाया पडली. अक्का म्हणाल्या, हो.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. जळगावचा व्यापारी आणि त्याचे वडील. मुलगा लगबगीनं बाहेर आला, या या म्हणाला, आणि मग त्याला खांब दिसला. म्हातारा व्यापारी मुरलेला माणूस. चपला काढून ओट्यावर चढला, अक्कांना नमस्कार केला आणि विचारलं, ताई, घर आम्हाला देताय ना?

"हो."

खुशीनं ना?

"हो."

म्हाताऱ्यानं एकदा अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा खांबाकडे. मग मुलाकडे वळून हळूच म्हणाला, "भाऊ, घर रिकामं मिळणार होतं ना?"

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाभी भिंतीवरून बघतच होत्या. त्यांनी चटकन पुढं होऊन पाहुण्यांना आपल्याकडे चहाला नेलं, उन्हाचे आलात, कूलरपुढं बसा म्हणाल्या. ओट्यावर घरचे राहिले. मी पत्ते टाकून फाटकाच्या आत आलो होतो आणि कुणी मला जा म्हटलं नाही.

मुलगा म्हणाला, आई, हे काय केलंस? अक्का म्हणाल्या, हो. तुला यायचं नाही का? हो. मग यायचंय? हो. तो डोकं धरून पायरीवर बसला. मग उठला आणि नानांवर गेला. आयुष्यभर तुम्ही बाजूला बसलात, निदान आज तरी सांगा, तुम्ही नवरा आहात तिचा, काय करायचं?

नाना हाताला लागलेली माती सोलत होते. म्हणाले, "तिले इचार." मुलगा काही बोलणार होता, तर नाना थांबले नव्हते. "पन तोंडले नको इचारू."

लग्न झाल्यापासून नाना एका दमात इतकं बोलले नसतील.

मग मुलगा आत गेला आणि पाण्याची बादली आणि फडकं घेऊन आला. हातोडी आणली नाही हे बरं केलं. खांबाशी मांडी घालून बसला आणि फडकं भिजवून मातीवर पिळायला लागला. हळद-कुंकू ओघळलं. वरची कपची निघाली, खाली ओलसर होतीच. तो बोटानं एकेक थर सोडवत होता, आईचं बोट दुखावेल म्हणून जपून, आणि अक्का वरून त्याचा भांग बघत होत्या. मनगट मोकळं झालं. पंजा मोकळा झाला. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी धरून हात अलगद बाहेर काढला. पांढरा पडला होता, पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. त्यानं तो धुतला, आपल्या शर्टाला पुसला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डाव्या हातानं तो उजवा हात मांडीवरून उचलला आणि खांबावरच्या त्याच खळग्यात परत खुपसला.

समोरच्या कट्ट्यावर पत्ते थांबले होते.

मुलगा उठला. भाभींकडे गेला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही असं मी क्वचितच म्हणतो. व्यापारी बाप-लेक बाहेर आले, म्हाताऱ्यानं जाताना ओट्याकडे बघून पुन्हा एकदा हात जोडले, गाडी जळगावच्या रस्त्याला लागली. मुलगा फाटक लावून परत आला आणि तसाच खाली बसला. सांडलेली माती गोळा केली, बादलीत बोटं बुडवली आणि आईच्या मनगटाभोवतीची फट बुजवायला लागला. कधी हात लावला नव्हता मातीला, नुसता लिंपत होता. अक्कांनी थोडा वेळ सहन केलं. मग डाव्या हातानं त्याच्या हातावर एक चापट मारली, त्याचा अंगठा धरला, आणि कुठं दाबायचं ते दाखवलं.